एकटाच लांबट ठिपका

अन्याय दोघांवर झाला. १९९८ सालच्या फेब्रुवारीत, दुसऱ्या मंगळवारी, दुपारी सव्वातीनला, चहा यायच्या जरा आधी. ज्यांच्यावर झाला त्यांना नावं नाहीत, म्हणून ठिकाण सांगते. मृग नक्षत्राच्या थोडं पश्चिमेला, आकाशाच्या हिशेबात आपल्या शेजारीच म्हणावेत असे, डोळ्यांना कधीच न दिसणारे दोन अतिथंड तपकिरी बटू. एकमेकांभोवती फिरणारी जोडी. त्या दुपारी "दोष" असा शेरा मारून त्यांना यादीतून काढून टाकण्यात आलं. काढणारीचं नाव मी लपवणार नाही. ती मीच.

वर्ष झालं. पुन्हा फेब्रुवारी आलाय आणि मला घरात बसवत नाही. यशवंतपूरच्या आमच्या गल्लीत अवरेकाळूच्या शेंगांचा तो तेलकट, हिरवा, जरा उग्र वास दाराच्या फटीतून आत येतो. पावट्याच्याच कुळातल्या या शेंगा. पण इथल्या माणसांसमोर त्यांना पावटा म्हणून बघा, दोन दिवस कुणी बोलणार नाही. सर्कलपाशी त्या गुलाबी फुलांच्या झाडांनी सगळी पानं टाकून दिलीत आणि अंगभर नुसती फुलं घेतलीत. धुकं संपलंय, एप्रिलच्या वळवाला वेळ आहे. मधल्या या दीड-दोन महिन्यांत बंगळूरचं आकाश घासून ठेवलेल्या परातीसारखं असतं. घरोघरी परीक्षेचा अभ्यास चालू आहे, पोरं गच्चीत पाढे घोकत फेऱ्या मारतायत. आणि संध्याकाळी मृग डोक्यावर येतो. म्हणजे ते दोघेही येतात. पुन्हा आलेत. कुणी बोलावलं नाही तरी आलेत.

मी नागपूरची. आमच्या विज्ञान गटात मी पत्रकं लिहायला शिकले. ग्रहणात पाणी पिऊन दाखवा, बाबाच्या अंगाऱ्यामागची युक्ती, मंतरलेल्या वाटीत काय असतं. पत्रकाचे नियम आम्हाला पाठ होते. पहिल्या ओळीत कुणावर अन्याय झाला ते. दुसऱ्या ओळीत कुणी केला ते. शेवटी वाचणाऱ्याने काय करायचं ते. मध्ये कविता नको. पुढे कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि बाकी सगळ्यांसारखी बंगळूरला आले. एका कंपनीने मला इथल्या एका खगोलसंस्थेत चार महिन्यांसाठी पाठवलं, प्रोग्रॅम लिहायला. मला वाटलं होतं दुर्बीण असेल, घुमट असेल. तिथे एक लांबट खोली होती, दोन पंखे, तीन पडदे, एक जाड रजिस्टर आणि इंदिराक्का.

इंदिरा घोरपडे. संस्थेत बावीस वर्षं मोजणी सहायक. यांचं घराणं इथे इतकं जुनं की आपण महाराष्ट्रातून कधी आलो हे त्यांनाच नक्की सांगता येत नाही. घरात मराठी, दारात कन्नड, देवासमोर दोन्ही. मला वरची खोली त्यांनीच भाड्याने दिली होती. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, "अक्का, मी सामान लावून राहिली आहे, थोडा वेळ लागेल."

"लावून राहिली, करून राहिली," अक्का म्हणाल्या. "तुम्ही नागपूरचे लोक किती राहता गं. सरी, बरं, राहा. पण स्वल्प खाऊन राहा."

काम असं होतं. दक्षिण गोलार्धातली एक दुर्बीण उष्णतेच्या किरणांत, तीन वेगवेगळ्या फिल्टरमधून, आकाशाची चित्रं काढायची. ती टेपवर भरून आमच्याकडे यायची. प्रत्येक चित्रात ठिपकेच ठिपके. अक्का पडद्याला नाक लावून एकेक ठिपका बघायच्या आणि वेगळं काही दिसलं की रजिस्टरात "शेरा" या रकान्यात लिहायच्या. दिवसाला मोजकी चित्रं व्हायची आणि टेपांचा ढीग वाढत चालला होता. म्हणून मला आणलं. विभागाचे प्रमुख परांजपे सर, पुण्याचे, भला माणूस, सदैव घाईत. ते म्हणाले, "हे बघ, तारा हा बिंदू असतो. चित्रात तो गोल दिसायला पाहिजे. लांबट दिसला तर एक तर ती दीर्घिका, नाहीतर दुर्बीण हलली. आपल्याला दोन्ही नकोत. गोल तेवढे ठेव, लांबट टाकून दे. सिंपल."

सिंपलच होतं. मी एक ओळ लिहिली. लांबी रुंदीपेक्षा इतक्यापलीकडे गेली तर: दोष. मला त्या ओळीचा अभिमान होता. महिनाभराचं काम तासाभरात व्हायला लागलं. रजिस्टरचं पान तसंच कोरं राहायला लागलं, आणि मला ते कोरेपण म्हणजे स्वच्छता वाटायची.

त्या मंगळवारी अक्का माझ्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. "हा बघ की. खालचा. एकटाच लांबट आहे."

"अक्का, लांबट म्हणजे दोष. नियमच आहे."

"नियम कुणाचा?"

"प्रोग्रॅमचा."

"प्रोग्रॅम कुणाचा?"

मी हसले आणि बटण दाबलं. चहा आला. अक्कांनी रजिस्टर ओढून शेऱ्यात तीन शब्द लिहिले: "दोन आहेत. बघावे." संध्याकाळी परांजपे सरांनी त्यावर लाल बॉलपेनने तिरकी रेघ मारून सही केली. रेघ सरळ नव्हती, हे मला आजही दिसतं. घाईतली होती.

तपकिरी बटू म्हणजे काय, ते मला नीट सांगू द्या. नाहीतर हा लेख नुसता ऑफिसातल्या भांडणाचा होईल. तारा जन्मतो तेव्हा वायूचा गोळा स्वतःच्या वजनाने आकसतो, आत तापतो, आणि पुरेसं वजन असेल तर पोटातला हायड्रोजन पेटतो. मग तो अब्जावधी वर्षं जळत राहतो. वजन थोडं कमी पडलं तर आग लागतच नाही. तो गोळा जन्माच्या वेळची ऊब घेऊन, ती हळूहळू सोडत, निवत जातो. आकार गुरू ग्रहाएवढा, वजन त्याच्या कितीतरी पट. यांना पुस्तकांत "अपयशी तारे" म्हणतात. हे वाचलं तेव्हा मी टेबलावर पुस्तक आपटलं होतं. कुणी घेतली परीक्षा? कुणी ठरवलं की पेटणं म्हणजे पास आणि निवत जाणं म्हणजे नापास? मी इंजिनिअरिंगला एक वर्ष नापास झालेली मुलगी आहे. हा शब्द कोण वापरतं आणि कुणासाठी, हे मला बरोबर कळतं.

आणि ते तपकिरी तरी कुठे आहेत? जवळ जाता आलं तर विझत चाललेल्या निखाऱ्यासारखे दिसतील म्हणे, मंद किरमिजी. त्यांतले सगळ्यात थंड तर कुंभाराच्या भट्टीपेक्षाही थंड. इतके, की त्यांच्या हवेत मिथेन टिकून राहतो. गोबरगॅसमधला मिथेन. ताऱ्यांच्या घराण्यातली वस्तू आणि अंगावर गोबरगॅस! मला हे कळलं त्या दिवशी मी जेवताना तीन वेळा सांगितलं. अक्कांचे यजमान, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, विमानाच्या कारखान्यातून रिटायर झालेले, ते शेवटी म्हणाले, "बरं बाई, पटलं. आता त्यावर भात शिजवता येतो का तेवढं विचारून ये."

असे खरोखर थंड बटू सापडायला लागून तेव्हा जेमतेम दोन-तीन वर्षं झाली होती. सगळे बोटांवर मोजण्यासारखे. त्यांतही जोडी म्हणजे काय चीज आहे, ते मला रविवारी दुपारी, अक्कांच्या स्वयंपाकघरात कळलं.

अवरेकाळूचा एक प्रकार इथे करतात. दाणे रात्रभर भिजवायचे, आणि मग एकेक दाणा चिमटीत धरून असा दाबायचा की आतली डाळ टुणकन उडून बाहेर येते, साल हातात राहते. घरातल्या सगळ्यांनी बसून करायचं काम. नव्या माणसाचे दाणे छताला लागतात, जुन्याचे थेट पातेल्यात. अक्का, अण्णा आणि मी स्टीलच्या ताटाभोवती बसलो होतो. माझा एक दाणा अण्णांच्या चष्म्याला लागला.

"नेम चांगला आहे," अण्णा म्हणाले. "फक्त पातेलं इकडं ठेवा."

मग अक्कांनी सोललेले दहा-बारा दाणे घेऊन रिकाम्या ताटात लांब लांब मांडले. "ताट हलव," मला म्हणाल्या.

मी हलवलं. सगळे दाणे एकाच दिशेला सरकले.

"आता बघ. दुर्बीण हलली तर काय होईल?"

"सगळे ठिपके लांबट होतील," मी म्हणाले.

"कुठल्या दिशेला?"

"एकाच."

"त्या चित्रात बाकीचे कसे होते?"

माझ्या हातातला दाणा तसाच राहिला. बाकीचे गोल होते. त्या अख्ख्या चित्रातले सगळे तारे गोल होते, आणि तो एकटा लांबट. ताट हललं नव्हतं. एका जागी दोन दाणे एकमेकांना चिकटून पडले होते, आणि मी लिहिलेली ओळ म्हणत होती की ताट हललं.

"आणि दीर्घिका असेल तर?" मी वकिली करून बघितली.

"दीर्घिकेची कड विरघळल्यासारखी असते गं. याची कड ताऱ्यासारखी. आणि तिसऱ्या फिल्टरमध्ये बघितलास का? जिथं उजळ दिसायला पाहिजे तिथं हा मंद आहे. मिथेन असला की असं होतं, सरांनीच शिकवलंय."

"मग त्या दिवशी मला ओरडला का नाहीत?"

"ओरडून दिसतंय होय?" अक्का म्हणाल्या आणि दाणा पातेल्यात उडवला.

एकटा बटू सापडला तर त्याचं वजन कळत नाही. तो म्हातारा आणि जड असेल, किंवा तरुण आणि हलका. निवलेला गोळा बघून दोन्ही सारखेच दिसतात. पण दोन असतील आणि एकमेकांभोवती फिरत असतील तर फेरी मोजता येते, आणि फेरीवरून वजन निघतं. जोडी म्हणजे तराजू. आकाशात टांगलेला तराजू, आणि त्याच्या दोन्ही पारड्यांत कुणीच न तोललेली वस्तू. त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि मला ती लागायला नको होती.

सोमवारी आम्ही दोघी सरांकडे गेलो. त्यांनी चित्र बघितलं, चष्मा काढला, पुन्हा बघितलं. खुर्चीत पुढे सरकले. मी शपथेवर सांगते, त्या माणसाचे डोळे लकाकले.

"इंटरेस्टिंग," ते म्हणाले. "पण एका चित्रावर काही म्हणता येत नाही. दुसरा फोटो लागेल, जास्त बारकाईचा. मार्चअखेरपर्यंत. त्यानंतर हा भाग रात्री लवकर मावळायला लागतो."

"मग मागा ना सर," मी म्हणाले.

"समितीला अर्ज करावा लागतो. कारण लिहावं लागतं. काय लिहू? आमच्या मोजणी सहायकांना असं वाटतं?"

"त्यांना वाटत नाही. त्यांनी बघितलंय."

"अगं, मला पटतंय. पण समितीला कसं पटवणार?" आणि फोन वाजला.

आता माझी दुसरी चूक. पहिलीपेक्षा मोठी, आणि ही करताना तर मी भलतीच खुशीत होते.

मी पत्रक काढलं. इथल्या शिवाजीनगरला बसस्टँडच्या मागे एक छोटा छापखाना आहे, लग्नपत्रिका आणि दवाखान्याच्या पावत्या छापणारा. कन्नड, इंग्रजी आणि मराठी, तिन्हीत. कन्नड भाषांतर अण्णांनी करून दिलं, काय चाललंय ते पुरतं न विचारता. शाईचा वास, मशिनचा ठेका, ओल्या कागदांची चळत छातीशी धरून बसमध्ये उभं राहणं. मी इतकी आनंदात होते की दोन स्टॉप पुढे गेले. पहिली ओळ: "बावीस वर्षं डोळे झिजवणाऱ्या इंदिरा घोरपडे यांच्यावर अन्याय." दुसरी ओळ: साहेबी वृत्ती. मग पदोन्नती का नाही, नाव का नाही, बायकांच्या नजरेला किंमत का नाही. सगळं खरं. एकूणएक शब्द खरा. संस्थेच्या फाटकावर सकाळी मी ते वाटलं, लोकांनी थांबून वाचलं, दोन शास्त्रज्ञांनी माझ्याशी हात मिळवले.

आणि संस्थेने ऐकलं! हेच तर सांगायचंय. मला वाटलं होतं दाबून टाकतील. त्यांनी आठवड्यात बैठक घेतली. अक्कांना बोलावलं, खुर्ची दिली, चहा दिला. सेवापुस्तक मागवलं. तक्रार रास्त आहे, असं लिहिलं. अक्कांना वरची श्रेणी दिली आणि डोळ्यांना त्रास नको म्हणून ग्रंथालयात बदली केली. हात टेकायची खुर्ची, खिडकी, बाहेर गुलाबी झाड. परांजपे सरांना समज देण्यात आली, त्यामुळे त्यांनी त्या ठिपक्याचं नाव काढणंच सोडलं. त्यांनी तो अर्ज भरला असता का? मला वाटतं, आणखी चार दिवसांत भरला असता. आता त्या ठिपक्याला हात लावणं म्हणजे प्रकरणाला हात लावणं. बैठकीच्या कागदांत आकाश हा शब्द एकदाही आला नव्हता.

मी पेढे घेऊन घरी गेले. अक्का ओट्यापाशी उभ्या होत्या. माझं पत्रक त्यांच्या हातात होतं, चार घड्या घातलेलं.

"यात माझ्याबद्दल किती ओळी आहेत गं?"

"सगळ्याच, जवळजवळ."

"आणि त्या दोघांबद्दल?"

मी मोजल्या नाहीत. मला माहीत होतं. एक होती. शेवटून दुसरी.

"मी तक्रार केली होती काय तुझ्याकडं?" अक्का म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "मी बघितलं होतं. बघितल्याची तू तक्रार करून टाकलीस. आता त्यांनी तक्रार मिटवली. मिटली की. आता कोण बघतंय?"

"पण अक्का, तुमच्यावर अन्याय..."

"झाला. बावीस वर्षं झाला. मला त्याची सवय आहे. पण त्या दोघांचा दुसरा फोटो मला पाहिजे होता." त्यांनी पेढ्यांचा पुडा उघडला, एक देवासमोर ठेवला, एक माझ्या हातावर. "खा. श्रेणी काय वाईट नाही."

मार्च संपत आला. मी रोज संध्याकाळी गच्चीत जायचे आणि मृग पश्चिमेला कसा कलतोय ते बघायचे. उगादीच्या, म्हणजे आपल्या पाडव्याच्या, दिवशी अक्कांनी कडुनिंबाचं फूल आणि गूळ हातावर ठेवला, इथल्या रिवाजाप्रमाणे दोन्ही एकदम चावायचं. मी चावलं. महिन्याभराने मृग घरांच्या रांगेत गेला, मग वळवाचे ढग आले, आणि त्या वर्षीचा हंगाम बंद झाला.

तरीही मला तो हंगाम आठवतो तेव्हा अंगावर काटा येतो तो दुःखाचा नसतो. विचार करा. यशवंतपूरच्या एका स्वयंपाकघरात, दाणे सोलता सोलता, एका बाईने ताट हलवून दाखवलं आणि त्या क्षणी पृथ्वीवर आम्ही तिघंच होतो ज्यांना ते दोघे ठाऊक होते. निवत चाललेले दोन गोळे, कुणाचाही उजेड न मागता, एकमेकांना धरून फिरतायत. बाजारात कांद्याची पोती उतरत होती, हमाल ओरडत होते, आणि आम्हाला ते माहीत होतं. अण्णांनी तर विचारलं होतं, "म्हणजे दोघंही पेटले नाहीत, तरी संसार चालू आहे?" अक्का म्हणाल्या, "आपला नाही काय चालू?" आणि अण्णा इतके हसले की त्यांना ठसका लागला.

कुणी म्हणेल, तुमचं चुकीचंही असू शकतं. एक ठिपका जवळचा आणि दुसरा त्याच्या मागे फार लांब असेल, योगायोगाने एका रेषेत. असेल. मग दुसऱ्या फोटोत ते दूर झालेले दिसतील, अक्का रजिस्टरात "चुकले" असं लिहितील आणि आम्ही जेवायला बसू. बघून चुकीचं ठरणं वेगळं आणि न बघता चुकीचं ठरवणं वेगळं. दुसऱ्याला मी अन्याय म्हणते.

आता जगात इकडून तिकडून बटूंच्या जोड्यांच्या बातम्या यायला लागल्यात. इतक्या थंडांची जोडी मात्र, निदान माझ्या वाचनात, अजून कुणी दाखवलेली नाही. माझी ती ओळ मी गेल्या वर्षीच बदलली. आता प्रोग्रॅम आधी विचारतो की शेजारचेही लांबट आहेत का. संस्थेला नवी प्रत पाठवली. पोच आली, वापरल्याचं कळलं नाही. अक्का ग्रंथालयात आहेत. जेवणाच्या सुट्टीत त्या जुन्या खोलीत डोकावतात, नव्या मुलीला काही दिसलं का विचारतात. ती म्हणते, प्रोग्रॅमने सगळं साफ केलंय अक्का.

मी पुन्हा पत्रक काढणार नाही. फाटकावर उभी राहणार नाही. काम तुमच्याकडे आहे. बंगळूरच्या मराठी मंडळाच्या या अंकाचा असा एकही वाचक मला ठाऊक नाही ज्याचा कुणी भाऊजी, मावसभाऊ, वरच्या मजल्यावरचा शेजारी कुठल्या ना कुठल्या प्रयोगशाळेत, कुठल्या ना कुठल्या समितीवर नाही. आज संध्याकाळी त्याच्या घरी जा. कॉफी घ्या. मुलांच्या परीक्षा, जावयाची बदली, सगळं बोलून झालं की उठायच्या आधी एकच विचारा: मृगाच्या पश्चिमेच्या त्या दोघांचा दुसरा फोटो काढलात का? तो आधी विचारेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं. आमची नावं सांगू नका. कुणावर अन्याय झाला तेही सांगू नका, ते त्याला लगेच मिटवता येतं. फक्त प्रश्न पुन्हा विचारा. उद्या दुसऱ्याने विचारा, परवा तिसऱ्याने. मार्च संपायच्या आत.